तारकायुद्धाचा खेळ आणि बुलढाण्याच्या दोन कसोट्या

शिक्षकांच्या मासिकात संगणकावरच्या खेळाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पुस्तकाचे, नाटकाचे, चित्रपटाचे परीक्षण आपण करतो, कारण या गोष्टी वाचणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या मनात जगाचे एक चित्र तयार करीत असतात. नववी-दहावीच्या आणि महाविद्यालयातल्या अनेक मुलांच्या मनात अंतराळाचे जे चित्र आहे, ते पाठ्यपुस्तकातून कमी आणि अशा खेळांतून अधिक आलेले असते. एखाद्या पुस्तकावर विद्यार्थी फार तर आठवडा घालवील. या खेळांवर तो शेकडो तास सहज घालवतो. तेव्हा त्या तासांत तो नेमके काय शिकतो, हे पाहणे शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

परीक्षणासाठी निवडलेला खेळ आहे 'स्टेलारिस'. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने तो २०१६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केला आणि त्यानंतर त्यात सतत भर पडत गेली. पण या घराण्याचे मूळ जुने आहे. १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' हा खेळ आला. ओरायन म्हणजे आपले मृग नक्षत्र. त्या खेळाविषयी लिहिताना अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने अशा खेळांचे चार क्रियापदांत वर्णन केले होते. मराठीत सांगायचे तर शोधा, पसरा, वापरा आणि संपवा. ही चौकडी आजही टिकून आहे. शेवटच्या क्रियापदाकडे आपल्याला अधिक बारकाईने पाहायचे आहे.

खेळ कसा चालतो

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्ष २२०० पासून सुरुवात होते. खेळाडूकडे एक ग्रह, काही जहाजे आणि शेकडो ताऱ्यांचा नकाशा असतो. ऊर्जा, खनिजे, मिश्रधातू, अन्न यांचा जमाखर्च सांभाळत त्याने वसाहती वाढवायच्या. संशोधनाला पैसा लावायचा. शेजारी साम्राज्यांशी व्यापार, करार किंवा युद्ध करायचे. युद्धासाठी आधी शत्रूच्या कोणत्या तारकाप्रणालींवर आपला दावा आहे हे जाहीर करावे लागते. दूरचा दावा महाग पडतो. मग जहाजांचे ताफे निघतात. ऊर्जाकवच, चिलखत आणि सांगाडा असे जहाजाचे तीन थर असतात. गोळे फेकणारी शस्त्रे कवचाविरुद्ध प्रभावी, तर लेसर चिलखताविरुद्ध. ताफा हरला की ग्रहावर बॉम्बवर्षाव, आणि त्यानंतर भूदल उतरवून ग्रह ताब्यात घेणे, असा क्रम असतो.

यातल्या काही गोष्टींचे मनापासून कौतुक केले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे युद्ध हे प्रथम कोठारात लढले जाते, हे हा खेळ उत्तम शिकवतो. ज्याच्याकडे मिश्रधातूंचे कारखाने नाहीत, त्याचा सेनापती कितीही शूर असला तरी तिसऱ्या लढाईनंतर त्याच्याकडे जहाजे उरत नाहीत. ताफा नुसता उभा असला तरी खर्च चालूच राहतो. दुसरी गोष्ट, युद्धाचा थकवा. लढाया आणि नुकसान यांबरोबर दोन्ही पक्षांचा थकवा टक्क्यांनी वाढत जातो. तो शंभरावर पोचला की जिंकत आलेल्या पक्षावरसुद्धा 'ज्याच्याकडे जे आहे ते त्याचे' असा तह लादला जाऊ शकतो. इतिहासाच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांत युद्ध केवळ जय आणि पराजय या दोनच शब्दांत संपते. त्यामानाने ही समज कितीतरी प्रौढ आहे.

अर्थशास्त्राचा शिक्षक या खेळाला चांगले गुण देईल. इतिहासाचा आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक किती गुण देईल, हा प्रश्न आहे. त्यासाठी दोन कसोट्या लावून पाहू. योगायोग असा, की दोन्ही कसोट्या आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यातच सापडतात. एक साखरखेर्डा आणि दुसरी लोणार. पहिली अंतराची आहे, दुसरी ऊर्जेची.

पहिली कसोटी : साखरखेर्डा

साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातले गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे एक मोठी लढाई झाली. एका बाजूला होता निजाम-उल्-मुल्क. दिल्लीच्या बादशहाची वजिरी सोडून तो दक्षिणेत परतला होता. दुसऱ्या बाजूला होता मुबारिझखान. दख्खनच्या सुभेदारीसाठी त्याला दिल्ली दरबाराचे पाठबळ होते. थोरला बाजीराव या लढाईत निजामाच्या बाजूने होता. मुबारिझखान मारला गेला. विजयानंतर गावाला फत्तेखेडा हे नावही देण्यात आले. पुढे काय घडले ते महत्त्वाचे आहे. बादशहा महंमदशहाने ज्याच्याविरुद्ध आपला माणूस उभा केला होता, त्याच निजामाला १७२५ मध्ये दख्खनच्या सुभ्यावर कायम केले आणि आसफजाह हा किताब दिला. दख्खन कागदावर साम्राज्यात राहिला आणि प्रत्यक्षात हातातून गेला.

असे का व्हावे? कारणे अनेक होती, दरबारातली दुफळी ही त्यांतली मोठी. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती, ती म्हणजे अंतर. दिल्लीपासून साखरखेर्डा सरळ रेषेत नऊशे किलोमीटरहून अधिक आहे. जासुदांच्या डाकेने दिवसाला शंभर किलोमीटर गाठले असे धरले, तरी बातमी जायला नऊ-दहा दिवस आणि हुकूम यायला तितकेच. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत वीस दिवसांची फट. सैन्य यायचे तर काही महिने. या फटीत स्थानिक सरदाराला स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावेच लागतात. निर्णय घेता घेता तो स्वतंत्र होतो. बादशहाला उरते ते झालेल्या गोष्टीवर शिक्का मारण्याचे काम.

आता हीच फट ताऱ्यांमध्ये किती असेल ते पाहू. सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे मित्र ताऱ्याच्या त्रिकुटातला प्रॉक्सिमा. त्याचे अंतर ४.२४ प्रकाशवर्षे. प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जाऊ शकत नाही, हे आपण जाणतो. तेव्हा प्रश्न-उत्तराला साडेआठ वर्षे लागणार. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे सव्वासतरा वर्षे. अभिजित सुमारे २५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे पन्नास वर्षे. जे साम्राज्य वीस दिवसांच्या फटीने उसवले, त्याच्या जागी पन्नास वर्षांची फट ठेवून पाहा!

समजा, व्याधाच्या ग्रहावरच्या वसाहतीने बंड केले. ही बातमी पृथ्वीवर ८.६ वर्षांनी पोचेल. त्याच दिवशी आपण ताफा पाठवला आणि तो प्रकाशाच्या एक दशांश वेगाने गेला, तर त्याला ८६ वर्षे लागतील. म्हणजे बंडानंतर जवळजवळ ९५ वर्षांनी ताफा तेथे पोचेल. बंड करणारे तेव्हा हयात नसतील. ज्यांनी ताफा पाठवला तेही नसतील. ताफ्यावरचे सैनिक हे निघालेल्या सैनिकांची नातवंडे-पतवंडे असतील. ती कोणाशी आणि कशासाठी लढतील? आणि प्रकाशाचा एक दशांश वेग हीसुद्धा फार उदार कल्पना आहे. १९७७ मध्ये निघालेले 'व्हॉयेजर-१' हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्या वेगाने प्रॉक्सिमाइतके अंतर कापायला सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे लागतील.

'स्टेलारिस' या कसोटीवर कसा उतरतो? सरळ सांगायचे तर तो परीक्षेलाच बसत नाही. खेळाडूने आज्ञा दिली की ती आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकावरच्या आरमारप्रमुखाला त्याच क्षणी मिळते आणि तो ती त्याच क्षणी पाळतो. ताफा काही दिवसांत किंवा महिन्यांत शेजारच्या ताऱ्यावर पोचतो. त्यासाठी ताऱ्या-ताऱ्यांना जोडणाऱ्या 'हायपरलेन' नावाच्या वाटा कल्पिलेल्या आहेत. सुरुवातीला खेळात प्रवासाचे तीन प्रकार होते. २०१८ च्या फेरबदलात वाटांचाच प्रकार मूळ प्रवास म्हणून ठेवला गेला. या बदलामुळे नकाशावर अरुंद जागा तयार झाल्या. तेथे तळ बांधून शत्रूला अडवता येते.

हा बदल खेळ म्हणून चांगला आहे. पण त्यामुळे खरे रहस्य उघडे पडते. आपण अंतराळात खेळतच नाही. आपण सह्याद्रीत खेळतो आहोत. ताऱ्यांच्या जागी किल्ले आहेत, हायपरलेनच्या जागी खिंडी आणि घाट. अंतराळाला दिशा असंख्य आणि वाट एकही नाही, हा त्याचा मुख्य गुण. तो काढून घेतल्यावरच हे युद्ध लढता येते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दळणवळणाच्या बाबतीत हा खेळ साखरखेर्ड्याच्याही पुढे, थेट तारायंत्राच्या युगात आहे. आणि भूगोलाच्या बाबतीत मात्र तो घोडदळाच्या काळात आहे.

जुना 'मास्टर ऑफ ओरायन' या बाबतीत अधिक प्रामाणिक होता. त्यातही जहाजे प्रकाशापेक्षा वेगवानच होती. सर्वांत मंद जहाज वर्षाला एक पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे जात असे. पण त्या खेळात इंधनाने ठरवलेली मर्यादा होती आणि तिच्यापलीकडे ताफा जाऊ शकत नसे. शिवाय एकदा निघालेल्या ताफ्याला परत बोलावता येत नसे. त्यासाठी आधी एक विशिष्ट संदेशतंत्र शोधून काढावे लागे. हा एक साधा नियम खेळाडूला हात चोळत बसायला लावी. ताफा निघाला आहे, परिस्थिती बदलली आहे, आणि आता काही करता येत नाही. महंमदशहाला हा अनुभव अनोळखी वाटला नसता. पंचवीस-तीस वर्षांत खेळांची चित्रे कितीतरी सुंदर झाली, पण ही असहायता मात्र त्यांतून वगळली गेली. समीक्षक म्हणून मला हे नुकसान वाटते. विज्ञानाचे नुकसान तर आहेच, खेळाचेही आहे.

दुसरी कसोटी : लोणार

आता ऊर्जेकडे वळू. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काठावरून सरोवराची पातळी सुमारे १३७ मीटर खाली दिसते. हे विवर ज्वालामुखीचे असावे असा समज बराच काळ होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विवराच्या तळातून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट ही आघातानेच बनणारी काच सापडल्याचे दाखवले गेले आणि अशनीचा आघात हेच कारण पक्के झाले. वयाच्या बाबतीत पूर्वीच्या मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे हा आकडा मिळाला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे इतका आला. यांतला कोणताही आकडा घ्या, आपल्या मुद्द्याला तो पुरेसा आहे.

त्या अशनीच्या आकाराविषयी आणि वेगाविषयी निरनिराळे अंदाज आहेत. वर्गात हिशेब करण्यासाठी आपण सोयीचे आकडे धरू : वस्तुमान दहा लाख टन आणि वेग सेकंदाला २० किलोमीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे अर्धे. मुलांना हे गणित फळ्यावर करू द्यावे. उत्तर येते २ गुणिले दहाचा १७ वा घात, इतके ज्यूल. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची शक्ती सुमारे १५ किलोटन टीएनटी होती, म्हणजे साधारण ६.३ गुणिले दहाचा १३ वा घात ज्यूल. भागाकार केला तर आपल्या हिशेबातला लोणारचा आघात तीन हजारांहून अधिक हिरोशिमांइतका ठरतो.

आता याच सूत्रात ताऱ्यांमध्ये प्रवास करणारे जहाज घालून पाहू. प्रकाशाच्या एक दशांश वेग म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर. या वेगाला सापेक्षतेची दुरुस्ती एक टक्क्याहून कमी आहे, म्हणून शाळेतले सूत्र चालते. या वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूची गतिज ऊर्जा ४.५ गुणिले दहाचा १४ वा घात ज्यूल भरते. म्हणजे एका किलोत सात हिरोशिमा! लोणारच्या आघाताइतकी ऊर्जा व्हायला किती किलो लागतील? सुमारे साडेचारशे. एका चांगल्या म्हशीचे वजन इतकेच असते. अशी वस्तू वातावरणात शिरताच फुटेल, त्यामुळे ती लोणारसारखा खड्डा करील असे म्हणता येणार नाही. येथे तुलना केवळ ऊर्जेची आहे. पण तेवढीही पुरेशी बोलकी आहे.

हजार टनांच्या जहाजाचा हिशेब करून पाहा. आपल्या नौदलाच्या मोठ्या लढाऊ जहाजांपुढे ते लहानच म्हणावे लागेल. त्याची ऊर्जा दोन हजारांहून अधिक लोणारांइतकी भरते. आणि ती ऊर्जा आधी त्याला कोणीतरी द्यावी लागेल. सगळे जग आज वर्षभरात साधारण ६ गुणिले दहाचा २० वा घात ज्यूल इतकी ऊर्जा वापरते. एका जहाजाला हा वेग द्यायला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, सगळ्या जगाची जवळजवळ नऊ महिन्यांची ऊर्जा खर्ची पडेल. तेथे पोचून थांबायचे असेल तर पुन्हा तेवढीच. पन्नास जहाजांचा ताफा पाठवायचा तर माणसाने किती पिढ्या अंधारात बसायचे?

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खेळाच्या मुळावर येतात. पहिला असा, की ज्याला ताऱ्यांपर्यंत जहाज पाठवता येते, त्याला तोफा, लेसर आणि क्षेपणास्त्रे लागतच नाहीत. न थांबणारे जहाज हेच शस्त्र. 'कवचाला गोळे, चिलखताला लेसर' ही खेळातली सगळी विद्या त्यापुढे कागदी ठरते. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. अशा युद्धात लढाई, वेढा, शरणागती, तह यांना जागा उरत नाही. जागा उरते ती फक्त आघाताला. ज्या ग्रहासाठी लढायचे तोच शिल्लक राहत नाही. म्हणून ताऱ्यांमधले युद्ध एक तर करता येत नाही, आणि करता आले तर ते युद्ध राहत नाही, संहार होतो.

खेळात ग्रहावर बॉम्बवर्षाव झाला की 'विध्वंस' नावाचा आकडा टक्क्यांनी वाढतो. उत्पादन घटते, लोकसंख्येतले काही चौकोन नाहीसे होतात. वर्षाव थांबला की तो आकडा महिन्यागणिक आपोआप खाली येऊ लागतो आणि ग्रह पूर्ववत होतो. टोकाच्या वर्षावाने ग्रह उजाड करण्याची सोय आहे. २०१८ मध्ये अख्खा ग्रह फोडणारे शस्त्रही आले. पण नेहमीच्या युद्धातले नुकसान हे काही वर्षांत भरून येणारे नुकसान आहे. या जागी लोणारच्या काठावर उभे राहून विचार करावा. विवराच्या काठाने पूर्ण फेरी मारायची तर साडेपाच किलोमीटरहून अधिक चालावे लागते. पन्नास हजार वर्षे म्हणा किंवा पावणेसहा लाख म्हणा, पावसाने, वाऱ्याने, झाडाझुडपांनी आणि गाळाने इतका काळ काम करूनही ती जखम बुजलेली नाही. तीसुद्धा एका दगडाची. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. आज तेथे आपण पक्षी पाहतो, सूक्ष्मजीव अभ्यासतो, देवळे पाहतो. निसर्गाने त्या खड्ड्यात नवे जीवन वसवले हे खरे. पण खड्डा भरून आला असे कोणी म्हणणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. खेळ हा खेळ आहे. बुद्धिबळातला उंट तिरका चालतो म्हणून आपण प्राणिशास्त्राचा दाखला देत नाही. मग येथेच भौतिकशास्त्र कशाला?

फरक असा आहे की बुद्धिबळ आपण युद्धाचे खरे चित्र आहोत असे भासवत नाही. 'स्टेलारिस'मध्ये ताऱ्यांचे रंगानुसार वर्ग आहेत, न्यूट्रॉन तारे आहेत, कृष्णविवरे आहेत, ग्रहांच्या हवामानाचे प्रकार आहेत. विज्ञानाची ही सगळी वस्त्रे खेळाने अंगावर घेतली आहेत. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की आकार-रंगांप्रमाणे अंतरे आणि वेगही साधारण खरेच असतील. न्यूट्रॉन ताऱ्याचे नाव त्याला पाठ होते, पण प्रकाशवर्ष म्हणजे किती याची जाणीव मात्र बोथट होते. प्रकाशापेक्षा वेगाने जाण्याची कल्पना वापरायला हरकत नाही. विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा आपण नेहमीच देत आलो आहोत. पण ही एक मुभा किती महाग आहे, तिच्यामुळे साम्राज्य, हुकूम, ताफा आणि विजय हे सगळे शब्द शक्य झाले आहेत, हे वाचकाला किंवा खेळाडूला कुठेतरी कळले पाहिजे. उत्तम विज्ञानकथा ते कळू देते. हा खेळ ते झाकतो.

दुसरे असे, की या खेळात खेळाडू नेहमी दिल्लीत बसलेला असतो, साखरखेर्ड्यात कधीच नसतो. आकाशातून पडणाऱ्या दगडाच्या बाजूचा तो असतो, खालच्या जमिनीच्या बाजूचा अपवादानेच. सगळा नकाशा त्याच्या डोळ्यांसमोर आणि सगळी माणसे चौकोनांत. मुलांनी असा खेळ खेळू नये असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी एकदा तरी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहावे, असे जरूर म्हणेन.

वर्गात काय करता येईल

यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गाचे चार गट करावेत : सूर्य, मित्र, व्याध आणि अभिजित. प्रत्येक गट म्हणजे एक वसाहत. एक वर्ष म्हणजे एक दिवस असे प्रमाण धरावे. गटांनी एकमेकांना फक्त चिठ्ठ्यांनी संदेश पाठवायचे आणि शिक्षकांनी त्या चिठ्ठ्या हिशेबाने उशिरा द्यायच्या. सूर्य ते मित्र चार दिवसांनी, सूर्य ते व्याध नऊ दिवसांनी, सूर्य ते अभिजित पंचवीस दिवसांनी. इतर जोड्यांची अंतरे वरच्या वर्गातल्या मुलांना आकाशातल्या दिशांवरून काढायला सांगता येतील. महिनाभर हा खेळ चालवावा. सूर्यगटाला सम्राट करावे आणि हुकूम सोडायला सांगावे. हुकूम पोचतो तेव्हा परिस्थिती काय झालेली असते, हे मुले स्वतःच नोंदवतील. हाच गट पुढे १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई वाचील, तेव्हा त्याला ती केवळ सनावळी वाटणार नाही.

दुसरा उपक्रम लोणारचा. आपल्या गावाच्या नकाशावर शाळा केंद्रस्थानी धरून १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. त्यात कोणाकोणाची घरे, कोणती विहीर, कोणता बाजार येतो ते मुलांनी लिहावे. मग साडेचारशे किलोचा हिशेब फळ्यावर करावा. 'विध्वंस ४० टक्के' या खेळातल्या ओळीचा अर्थ काय होतो, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटचा हिशेब

ताऱ्यांमध्ये वस्तू पाठवणे इतके महाग आहे, तर मग काय स्वस्त आहे? १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्टो रिको बेटावरच्या आरेसिबो दुर्बिणीतून हर्क्युलिस तारकासमूहातल्या एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला गेला. त्यात १,६७९ अंक होते. प्रक्षेपणाची शक्ती सुमारे ४५० किलोवॉट आणि वेळ तीन मिनिटांहून कमी. यावरून बाहेर फेकलेली ऊर्जा काढली तर ती एकवीस-बावीस युनिट विजेइतकी भरते. आपल्या घरच्या महिन्याच्या बिलात याहून मोठा आकडा असतो. एक जहाज पाठवायला सगळ्या जगाची नऊ महिन्यांची ऊर्जा, आणि माणसाला अंकगणित येते, त्याचे शरीर कशाचे बनले आहे, तो कोणत्या ताऱ्याजवळ राहतो हे सांगायला एका घराची काही दिवसांची वीज! संदेश पोचायला वीस हजारांहून अधिक वर्षे लागतील हे खरे, पण तो वाटेत कोणाचे घर पाडणार नाही.

भौतिकशास्त्र कोणाला नीती शिकवत नाही. पण कशाची किंमत किती, हे ते चोख सांगते. ताऱ्यांच्या जगात ज्ञान पाठवणे सर्वांत स्वस्त आणि सैन्य पाठवणे सर्वांत महाग आहे. ज्या खेळात हे दोन्ही जवळजवळ सारख्याच भावाने मिळतात, तो खेळ मनोरंजक असू शकेल, त्यातून जमाखर्च शिकता येईल, पण त्यातले आकाश खरे नाही. विद्यार्थ्याने तो खेळ जरूर खेळावा. त्याने हा भावफलक मात्र स्वतः मांडून पाहिलेला असावा, आणि तो मांडायला शिकवणे हे आपले काम आहे.